फकिराची तलवार आणि सेटलमेंटची हजेरी

मागच्या उन्हाळी सुट्टीत आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी पंधरा-सोळा पोरंपोरी जमत होती. काही कॉलेजला जाणारी, काही बारावी करून बसलेली, दोघे-तिघे कामाला लागलेली. ठरले असे की एक कादंबरी आळीपाळीने मोठ्याने वाचायची आणि रोजचे वाचन संपले की त्यावर बोलायचे. कादंबरी होती अण्णाभाऊ साठे यांची 'फकिरा'. १९५९ साली प्रसिद्ध झालेली, बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली, १९६१ साली राज्य शासनाचा पुरस्कार मिळालेली ही कादंबरी. जयंतीच्या बॅनरवर तिचे नाव सगळ्यांनी पाहिले होते. पुस्तक मात्र पंधरातल्या दोघांनीच वाचले होते.

पहिल्या आठवड्यात पोरे खूश होती. घोडा, तलवार, रात्रीची दौड, दुष्काळात धान्य लुटून उपाशी वस्तीला वाटणारा फकिरा, सरकारी खजिन्यावर पडलेला दरोडा. एकजण म्हणाला, "दादा, हे तर केजीएफसारखं हाय की!" दुसऱ्याने लगेच मोबाईलवर घोड्यावरच्या फकिराचे चित्र शोधून स्टेटसला टाकले. मी काही बोललो नाही. ज्यांच्या आज्यापणज्यांना इतिहासाच्या पुस्तकात कुणी घोड्यावर बसवले नाही, त्यांच्या नातवाला घोडा आवडला तर त्यात चूक काय?

मग हजेरीचा भाग आला. गावातल्या मांगांनी चावडीवर पुन्हा पुन्हा जाऊन हजेरी द्यायची. गुन्हा केला म्हणून नव्हे, त्या जातीत जन्मले म्हणून. हे वाचताना पोरे थोडी कंटाळली. "पुढं जा की, लढाई कधी आहे?" असेही कुणीतरी म्हणाले. तेव्हा मागे बसलेला एक मुलगा, जो आठवडाभर एक शब्द बोलला नव्हता, हळूच म्हणाला, "आमच्या आज्याला पण हजेरी होती. बाहेरगावी जायचं तर पास काढायला लागायचा."

हा मुलगा सेटलमेंटमधला. सोलापुरात राहणाऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पण त्या दिवशी कळले की त्या शब्दाचा अर्थ आमच्या पोरांना माहीतच नव्हता. त्यांच्यासाठी सेटलमेंट म्हणजे शहराचा एक भाग, रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता. आणि खरे बोलायचे तर एक शिवीसुद्धा. "सेटलमेंटवाला आहे, मोबाईल सांभाळ," असे आमच्याच विहारात, आमच्याच पोरांच्या तोंडून मी ऐकले आहे.

हा लेख त्या संध्याकाळीबद्दल आहे. गुलामगिरीची कादंबरी वाचून आपल्या तरुणांच्या अंगात रक्त उसळते, ते उसळलेच पाहिजे. पण ज्या गुलामगिरीवर आपण टाळ्या वाजवतो ती आपल्याच शहरात, विहारापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती आणि आपल्याला तिचा पत्ता नव्हता, तर आपले वाचन कुठेतरी कमी पडते आहे.

तारेच्या आतले सोलापूर

इतिहास थोडक्यात सांगतो. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. एखाद्या जमातीला सरकारी राजपत्रात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर केले की त्या जमातीत जन्मणारे प्रत्येक मूल जन्मतःच संशयित. आधी हा कायदा उत्तरेकडे लागू होता. १९११ साली नवा कायदा आला आणि तो मुंबई इलाख्यासह सगळ्या देशात वापरता येऊ लागला. नोंदणी, बोटांचे ठसे, हजेरी, हद्द सोडायची तर परवानगी आणि सरकारला वाटेल त्या टोळीला एखाद्या 'सेटलमेंट'मध्ये नेऊन ठेवण्याचा अधिकार, हे सगळे त्यात होते. मुलांना आईबापांपासून काढून वेगळे ठेवण्याची तरतूदसुद्धा त्यात होती. १९२४ साली हे सगळे एकत्र करून पुन्हा कायदा झाला.

सोलापूरची सेटलमेंट मुंबई इलाख्यातल्या मोठ्या सेटलमेंटपैकी एक. कैकाडी, पारधी, टकारी, भामटा, कंजारभाट, मांग गारुडी अशा कितीतरी जमातींची कुटुंबे इथे तारेच्या कुंपणात आणून ठेवली गेली. सुरुवातीच्या काळात तिचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता. सोलापूरच का? कारण इथे कापडगिरण्या होत्या. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या यांना मजूर हवे होते. कुंपणातली माणसे पहाटे गिरणीत जायची आणि पाळी संपली की पुन्हा कुंपणात. सरकारच्या भाषेत याला 'सुधारणा' म्हणत. वागणूक सुधारली असे साहेबाला वाटले की त्या कुटुंबाला तारेबाहेरच्या वसाहतीत राहू दिले जाई. तिला म्हणत फ्री कॉलनी. आजही सोलापुरात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असा पत्ता लिहिला जातो. पत्रावर, आधार कार्डावर, शाळेच्या दाखल्यावर. त्यातला 'फ्री' हा शब्द कुठून आला हे त्या संध्याकाळपर्यंत आमच्यापैकी कुणी विचारलेच नव्हते.

आता याच्या शेजारी सोलापूरचा दुसरा इतिहास ठेवा, जो आपल्याला शाळेपासून शिकवतात. मे १९३० मध्ये सोलापूरकरांनी काही दिवस इंग्रजी सत्ता शहरातून हद्दपार केली. मग मार्शल लॉ आला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. त्यांचे पुतळे शहराच्या मध्यभागी आहेत आणि ते असायलाच हवेत. पण देशाच्या आधी सोलापूर स्वतंत्र झाले असे आपण अभिमानाने सांगतो, तेव्हा एक प्रश्न विचारायला हवा. त्या दिवसांत सेटलमेंटची तार कुणी तोडली? शहर 'स्वतंत्र' असतानाही कुंपण उभेच होते. पुढे १५ ऑगस्ट १९४७ आला. तेव्हाही गुन्हेगार जमाती कायदा कायम होता. मुंबई प्रांताने तो १९४९ साली आपल्यापुरता मागे घेतला आणि संपूर्ण देशातून तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षे सोळा दिवस झाले होते. म्हणूनच भटके-विमुक्त समाज ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन पाळतो. नेहरूंच्या हातून तार तोडली गेल्याची आठवण सोलापुरात सांगितली जाते.

एकाच शहरात स्वातंत्र्याच्या तारखा इतक्या वेगवेगळ्या असतात. कादंबरी वाचताना हे ध्यानात राहिले तर फकिरा नुसता नायक उरत नाही. तो प्रश्न विचारू लागतो.

चाबूक दिसतो, वही दिसत नाही

गुलामगिरी म्हटले की डोळ्यांसमोर काय येते? जहाज, साखळी, चाबूक. सिनेमाने आणि कादंबऱ्यांनी आपल्याला हेच चित्र दिले. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांच्या बाबतीत ते खरेही आहे. पण सेटलमेंटमधल्या माणसाच्या पायात साखळी नव्हती. त्याला बांधून ठेवणारी वस्तू होती एक वही. तिच्यात नाव, बापाचे नाव, जमात, अंगठ्याचा ठसा आणि रोजची खूण. गावकुसाबाहेरच्या महाराच्या पायातही साखळी नव्हती. त्याला बांधले होते वतनाने, बलुत्याने, रूढीने.

बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना केली आहे ती याच मुद्द्यावर. इंग्रजी समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात हे लेखन आहे आणि प्रत्येक तरुणाने ते वाचावे. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: गुलाम ही मालकाची मालमत्ता होती. म्हणून त्याला खायला घालणे, जगवणे यात मालकाचा स्वार्थ होता. अस्पृश्य मेला तर कुणाचे नुकसान होत नव्हते, म्हणून त्याची जबाबदारीही कुणावर नव्हती. रोममध्ये गुलाम शिक्षक होऊ शकत होता, वैद्य होऊ शकत होता, हुन्नर शिकू शकत होता. अस्पृश्याला ती दारे धर्मानेच बंद केली. गुलामाला मालक मुक्त करू शकत होता. अस्पृश्याला मुक्त करायला मालकच नव्हता, कारण मालकी सगळ्या गावाची होती. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे गुलामाला आपण गुलाम आहोत हे ठाऊक होते. अस्पृश्याला त्याची गुलामगिरी धर्म म्हणून, पूर्वजन्मीचे फळ म्हणून पाजली गेली होती.

हे ऐकल्यावर एका मुलीने विचारले, "म्हणजे आपलं दुःख काळ्या लोकांच्या दुःखापेक्षा मोठं होतं का?" हा प्रश्न चांगला आहे, पण त्यात एक खड्डा आहे. बाबासाहेब दुःखाची शर्यत लावत नव्हते. अमेरिकेत मळ्यावर मुलाला आईपासून तोडून बाजारात विकले जात होते. ते दुःख लहान होते असे म्हणण्याचा अधिकार कुणाला नाही. बाबासाहेब विचारत होते की ही यंत्रणा चालते कशी. कोणाचा फायदा होतो, कोणता कायदा तिला आधार देतो, सुटण्याची वाट कुठे आहे, आणि सोसणाऱ्याला ती का दिसत नाही. ते स्वतः १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात होते. जुलै १९४६ मध्ये त्यांनी काळ्यांचे नेते आणि अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले. कशासाठी? अमेरिकेतल्या काळ्यांनी आपला प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेला होता, त्या अर्जाची प्रत मागण्यासाठी. त्यांना सहानुभूती नको होती, दस्तऐवज हवा होता. आपल्या वाचनाची दिशा या एका पत्रात आहे.

धोंडिबा हा पहिला तरुण वाचक

गुलामगिरीचा इतिहास वाचून पेटून उठण्याची परंपरा आपल्याकडे आजची नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपल्या ग्रंथाचे नावच 'गुलामगिरी' ठेवले आणि तो अर्पण केला अमेरिकेतल्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांना दास्यातून सोडवले. अमेरिकेत गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. पुण्यात बसलेल्या एका माळ्याच्या मुलाने समुद्रापलीकडच्या त्या घटनेत आपल्या माणसांची वाट पाहिली. पुढे ९९ वर्षांनी, १९७२ साली, मुंबईतल्या तरुणांनी आपल्या संघटनेला दलित पँथर हे नाव दिले तेव्हा त्यांनीही तेच केले.

पण 'गुलामगिरी'ची रचना आपण विसरतो. तो संवाद आहे. एका बाजूला जोतीराव, दुसऱ्या बाजूला धोंडिबा. धोंडिबा नुसता ऐकत नाही. तो अडवतो, शंका काढतो, पुन्हा विचारतो. मत्स्य, कच्छ, वराह या अवतारांच्या गोष्टी त्याला शाळेत आणि कीर्तनात सांगितल्या गेल्या आहेत आणि जोतीराव त्या उलट्या करून वाचतात. प्रत्येक वेळी धोंडिबाला ते पटवून द्यावे लागते. माझ्या मते गुलामगिरीचा इतिहास वाचणारा आपला पहिला तरुण वाचक धोंडिबाच आहे आणि त्याचे काम टाळ्या वाजवणे नाही, प्रश्न विचारणे आहे.

त्याच्याही आधी मुक्ता साळवे होती. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मांग समाजातली मुलगी. १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. तिने तलवारीची गोष्ट लिहिली नाही. वेद वाचण्याचा अधिकार नाही तर आमचा धर्म कोणता, हा प्रश्न तिने विचारला. बाळंत होणाऱ्या आमच्या बायकांच्या डोक्यावर छप्पर नसते, हे तिने लिहिले. चौदाव्या वर्षी तिला कळले होते की गुलामगिरी रोजच्या जगण्यात, घराच्या छपरात शोधायची असते.

आणि हा प्रश्न विचारण्याचा वारसा गुरूलाही सोडत नाही. बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' हा ग्रंथ लिहिला आणि जोतीरावांना अर्पण केला. पण त्याच ग्रंथात त्यांनी आर्य बाहेरून आलेला वेगळा वंश होता हा सिद्धांत पुरावे तपासून नाकारला, ज्याच्यावर जोतीरावांची बरीच मांडणी उभी होती. गुरूला वंदन आणि गुरूच्या इतिहासाची तपासणी, दोन्ही एकाच ग्रंथात. आपल्यातल्या ज्यांना प्रत्येक मतभेद म्हणजे गद्दारी वाटते त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

कादंबरी पुरावा नाही

इथे एक अडचण स्पष्ट बोलायला हवी. सोशल मीडियावर वाद झाला की आपली पोरे कादंबरीतला प्रसंग इतिहास म्हणून टाकतात. समोरचा म्हणतो, पुरावा दे. मग आपण चिडतो, शिव्या देतो आणि वाद हरतो.

अमेरिकेत हे एका मोठ्या पुस्तकाच्या बाबतीत झाले. ॲलेक्स हॅली यांची 'रूट्स' १९७६ साली आली. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या कुंटा किंटेपासून सात पिढ्यांची गोष्ट. पुढच्या वर्षी तिच्यावरची मालिका कोट्यवधी अमेरिकन कुटुंबांनी पाहिली आणि काळी मुले आपल्या आज्याला 'आपण कुठून आलो' असे विचारू लागली. पण नंतर अभ्यासकांनी हॅलींची वंशावळ तपासली तेव्हा तिच्यात मोठी छिद्रे निघाली. दुसऱ्या एका लेखकाच्या कादंबरीतला मजकूर घेतल्याचा दावा न्यायालयात गेला आणि हॅलींना १९७८ साली तडजोड करावी लागली. मग गुलामगिरी खोटी ठरली का? अजिबात नाही. गुलामांच्या विक्रीची कागदपत्रे, मळ्यांच्या वह्या, सुटलेल्या गुलामांच्या स्वतःच्या जबान्या, कायदे, हे सगळे होतेच. कादंबरीने दार ठोठावले. आत जाऊन बघण्याचे काम वाचकाचे.

'रूट्स'मधला एक प्रसंग मी पोरांना सांगितला. मालक कुंटा किंटेला नवे नाव देतो, टोबी. तो ते घेत नाही म्हणून त्याला फटके बसतात. हे सांगितल्यावर खोलीत एकदम बोलणे सुरू झाले. कारण नावाचे राजकारण आपल्या घरात आहे. आपल्या पणज्याचे नाव धोंड्या, कचरू, दगडू. आणि १४ ऑक्टोबर १९५६ नंतर त्याच घरात जन्मलेली पोरे सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता. हे कुठल्या कादंबरीत वाचावे लागत नाही, आपल्याच घरातल्या जुन्या रेशनकार्डावर दोन पिढ्यांची नावे एकाखाली एक लिहिलेली सापडतात. तो पुरावा आहे.

म्हणून पोरांना एक नियम घालून दिला. कादंबरी वाचताना वहीत दोन रकाने करायचे. एका बाजूला पुस्तकाने काय सांगितले, दुसऱ्या बाजूला ते तपासायला कुठे जायचे. कायदा, जनगणना, गॅझेटिअर, जुने वर्तमानपत्र, म्हातारी माणसे. 'फकिरा'चा नायक अण्णाभाऊंच्याच भागातला, त्यांच्या नात्यातला खरा माणूस होता. म्हणून कादंबरीतला शब्द न् शब्द घडला असे नाही. पण हजेरी घडली. ती कायद्यात आहे.

दुसरे वाचन

सेटलमेंटच्या त्या मुलाच्या एका वाक्यानंतर आम्ही 'फकिरा' पुन्हा पहिल्यापासून वाचली. या वेळी पोरांना वेगळ्याच गोष्टी दिसल्या.

शेवटच आधी घ्या. फकिरा रणात पडत नाही. सरकार त्याच्या माणसांना, बायाबापड्यांना, पोराबाळांना पकडून डांबते आणि त्यांना सोडवण्यासाठी तो स्वतः हजर होतो. पहिल्या वाचनात पोरांना हा शेवट आवडला नव्हता. "हरला ना मग शेवटी!" असे म्हणत होती. दुसऱ्या वाचनात एक मुलगी म्हणाली, "सरकारनं फकिराला पकडलंच नाही. सगळ्या जातीला ओलीस धरलं." तिने गुन्हेगार जमाती कायद्याचे सार एका वाक्यात सांगितले. एका माणसाने कृत्य करायचे आणि सगळ्या जातीने भोगायचे. उलटे म्हणजे, जात ठरवली की माणूस आपोआप गुन्हेगार.

मग विष्णुपंत कुलकर्ण्यांवरून भांडण झाले. कादंबरीत हा ब्राह्मण कुलकर्णी मांगांच्या बाजूने उभा राहतो. "अण्णाभाऊंनी त्याला इतका चांगला का दाखवला?" असा एकाचा आक्षेप. दुसऱ्याचे म्हणणे, चांगला माणूस असू शकतो की. दोघांचेही थोडे खरे. माझे मत मी सांगितले: विष्णुपंत चांगला असूनही हजेरी थांबत नाही, हे अण्णाभाऊंनी लपवलेले नाही. चांगल्या माणसाच्या दयेने वही फाटत नाही, त्याला कायदा बदलावा लागतो. कम्युनिस्ट अण्णाभाऊ आणि घटनाकार बाबासाहेब या ठिकाणी एकमेकांच्या जवळ येतात, असे मला वाटते. जोगिणीवरून चाललेल्या गावागावांतल्या मारामारीवरही पोरींनी बोट ठेवले. मानापमानाच्या त्या रूढीत मरतात कोण? आपलीच माणसे. हेही कादंबरीतच आहे, पण घोड्याच्या टापांत ऐकू येत नाही.

वही बंद झाली का?

'फकिरा' प्रसिद्ध झाली ते वर्ष १९५९. त्याच १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. कागदावर फरक होता. आता जन्म नव्हे, झालेल्या शिक्षा बघून नोंद करायची. पण नोंदवही, बोटांचे ठसे, हालचालींवर बंधने, हे सगळे जुन्या घरातलेच सामान. गावात चोरी झाली की पहिली गाडी पारध्यांच्या पालावर जाते, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला लागत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगांच्या नियमावल्यांमधले जातीवर आधारलेले नियम घटनाबाह्य ठरवले. झाडलोट कुणी करायची, स्वयंपाक कुणी करायचा हे जात बघून ठरवणारे नियम आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणारे उल्लेख, दोन्ही त्यात आले. संविधान लागू होऊन ७४ वर्षे झाल्यावर हे न्यायालयाला सांगावे लागले.

पण मला आज बोट दाखवायचे आहे ते सरकारकडे नाही, आपल्याकडे. "सेटलमेंटवाला आहे, मोबाईल सांभाळ" असे म्हणणारा मुलगा मनुवादी नाही. तो निळा झेंडा घेऊन मिरवणुकीत नाचतो. १८७१ च्या इंग्रज कायद्याचे कलम मात्र त्याच्या तोंडात आहे आणि त्याला ते माहीत नाही. बाबासाहेबांनी १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाविषयीच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत तीन वर्गांना एका ओळीत बसवले: गुन्हेगार ठरवलेल्या जमाती सुमारे दोन कोटी, आदिवासी सुमारे दीड कोटी, अस्पृश्य सुमारे पाच कोटी. आणि अशी माणसे निर्माण करणाऱ्या संस्कृतीला संस्कृती तरी कसे म्हणायचे, असा सवाल त्यांनी केला. बाबासाहेबांच्या हिशेबात सेटलमेंटमधला माणूस आपल्या शेजारी उभा आहे. मग आपल्या हिशेबात तो कुठे आहे? महार आणि मांग, बौद्ध आणि भटके-विमुक्त, यांच्यात आपणच किती कुंपणे घातली आहेत? ती तोडायला नेहरू येणार नाहीत.

आता काय करायचे

२० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. सहाच महिन्यांत, ४ जानेवारी १९२५ पासून, सभेने आपले वसतिगृह सुरू केले ते मुंबईत नव्हे, पुण्यात नव्हे, सोलापुरात. हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या अस्पृश्य मुलांसाठी. सभेच्या प्रयत्नांतून विद्यार्थ्यांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिकही चालवले. शंभर वर्षांपूर्वी ज्यांच्या बापांना अक्षर ओळखीचे नव्हते ती पोरे मासिक काढत होती. आणि आपण? आपण रील काढतो.

रील काढा, त्याला माझी ना नाही. पण त्याच्या आधी थोडे काम करा. आमच्या वाचनगटाने ठरवलेले सांगतो, तुमच्या गावात तुम्ही तुमचे ठरवा. ऐंशीच्या पुढची जी माणसे सेटलमेंटमध्ये आहेत त्यांच्याकडे जायचे, त्यांच्या नातवांना पुढे घालून, पाहुणे म्हणून. तार कुठून कुठपर्यंत होती? हजेरी कोण घ्यायचे? पास कसा मिळायचा? लग्नाला, मयताला बाहेरगावी जाता यायचे का? गिरणीत पगार कुणाच्या हातात मिळायचा? बायांचे काय? शाळेत कोणते नाव घातले? हे सगळे त्यांच्या परवानगीने, त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचे आणि लिहिलेले आधी त्यांना वाचून दाखवायचे. त्यांनी नाव छापू नका म्हटले तर छापायचे नाही. एकदा सरकारने त्यांना विचारल्याशिवाय वहीत घातले. आपण तसे करायचे नाही.

पहिल्या रविवारी आम्ही सहाजण गेलो. तोच मुलगा पुढे होता. त्याची आजी ओट्यावर बसली होती. तिला आम्ही हजेरीबद्दल विचारले तर ती आधी काही बोलली नाही. मग नातवाकडे बघून म्हणाली, "ह्यांना कशाला सांगायचं? हसतील." आमच्यातल्या ज्या पोराने कधीकाळी मोबाईल सांभाळायला सांगितले होते, तो तिच्या पायाशी खाली बसला आणि म्हणाला, "आज्जी, नाही हसणार. मी वही आणलीय."

अण्णाभाऊंचा फकिरा वाचून आपण काय मिळवायचे हे मला त्या ओट्यावर कळले. तलवार आपल्या हाती येणार नाही, यायलाही नको. पण वही आपल्या हाती येऊ शकते. ज्या वहीने माणसे बांधली, तीच त्यांच्या नातवांनी त्यांच्या शब्दांनी भरायची.

येत्या ३१ ऑगस्टला आमच्या विहारात विमुक्त दिन साजरा होईल. त्या दिवशी भाषण कुणाचे नाही. ती वही वाचली जाईल. सोलापुरात असाल तर या, आणि येताना आपल्या आज्जी-आजोबांना विचारून एक पान लिहून आणा.

जय भीम.